नोकरीचे क्षेत्र बदलण्यासाठी एमबीए: पूर्णवेळ की अर्धवेळ, हे कसे ठरवावे

संस्थांची माहितीपत्रके चाळण्यापूर्वी आपल्याला कोणता बदल हवा आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. उद्योग बदलायचा आहे, कामाचे स्वरूप बदलायचे आहे की दोन्ही, हे त्या वाक्यातून स्पष्ट व्हायला हवे. चाकणच्या वाहन कारखान्यात उत्पादन विभागात असलेल्या अभियंत्याला त्याच उद्योगात खरेदी विभागाकडे वळायचे असेल, तर केवळ काम बदलते. त्यालाच मुंबईतील एखाद्या बँकेत गुंतवणुकीशी संबंधित काम हवे असेल, तर उद्योग आणि काम दोन्ही बदलतात. माझ्या मते पुढचा बहुतेक निर्णय याच फरकावर अवलंबून असतो.

दोन्ही बदलणार असतील, तर दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाला प्राधान्य द्यावे. पहिल्या वर्षानंतर साधारण दोन महिन्यांची उन्हाळी इंटर्नशिप असते. नव्या क्षेत्राचा काहीच अनुभव नसलेल्या उमेदवाराला त्या क्षेत्राचा पहिला अनुभव या इंटर्नशिपमध्येच मिळतो आणि अनेक कंपन्या कायमच्या नोकरीसाठी आपल्याच इंटर्नमधून निवड करतात. अर्धवेळ विद्यार्थी दिवसा जुन्याच कामावर असल्यामुळे ही संधी त्याला सहसा मिळत नाही. केवळ काम बदलायचे असेल, तर मात्र नोकरी सोडण्याची घाई करू नये. आपल्याच कंपनीत पदवीनंतर विभाग बदलून मिळेल का, हे मनुष्यबळ विभागाला आधी विचारावे. उत्तर होकारार्थी असेल, तर अर्धवेळ अभ्यासक्रम पुरतो.

आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) किंवा अहमदाबादच्या आयआयएममधील एक वर्षाचे पूर्णवेळ अभ्यासक्रम अनुभवी उमेदवारांसाठी आहेत. वेळ वाचतो हे खरे, परंतु उन्हाळी इंटर्नशिपला त्यात जागा नसते आणि कंपन्या आधीचा अनुभव पाहूनच निवड करतात. म्हणून अगदी अनोळखी क्षेत्रात जाणाऱ्याने ते जपून निवडावेत.

त्यानंतर खर्च मांडावा. पूर्णवेळ शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ शुल्क नव्हे. हातात दरमहा ६० हजार रुपये येत असतील, तर दोन वर्षांत १४ लाख ४० हजार रुपयांचे उत्पन्न बुडते, आणि ही रक्कम शुल्क, वसतिगृह व कर्जाच्या व्याजात मिळवावी लागते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट जास्तीत जास्त ८ वर्षे मिळते, पण ती जुन्या करप्रणालीतच. अर्धवेळ शिकताना पगार चालू राहतो. तथापि कंपनी शुल्क भरणार असेल, तर बंधपत्रात किती वर्षे नोकरी करण्याची अट आहे, हे सही करण्यापूर्वी वाचावे, कारण क्षेत्र बदलण्यासाठी शिकणाऱ्याला तीच अट जुन्या जागी अडकवून ठेवते.

अर्धवेळ अभ्यासक्रमासाठी प्रवासाचाही हिशेब हवा. मुंबईत वित्त, विपणन, मनुष्यबळ अशा विषयांचे तीन वर्षांचे संध्याकाळचे अभ्यासक्रम चालत आले आहेत. पण ठाण्यात नोकरी आणि चर्चगेटला वर्ग असेल, तर सहा वाजता कार्यालयातून निघता येईल का, हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या दर्जाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

संस्था निवडताना प्लेसमेंट अहवालातील सरासरी पगारापेक्षा मध्यक पगार (सर्व पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) पाहावा, कारण मूठभर मोठे पगार सरासरी फुगवतात. अर्धवेळ विद्यार्थ्यांना कॅम्पस मुलाखतींना बसता येते का, हे लेखी विचारावे. आपल्यासारख्याच पार्श्वभूमीचे दोन-तीन माजी विद्यार्थी लिंक्डइनवर शोधून आज ते कोणत्या पदावर आहेत, तेही पाहावे. अहवाल जे सांगत नाही, ते बहुधा इथे कळते.

पूर्णवेळ ठरले, तर राजीनाम्याची तारीख काळजीपूर्वक निवडावी. कायम कर्मचाऱ्याला उपदान (ग्रॅच्युइटी) मिळण्यासाठी साधारणपणे सलग ५ वर्षांची सेवा लागते, त्यामुळे ती मुदत जवळ आली असेल तर प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्याचाही विचार करावा. नोटिशीचा कालावधी तीन महिन्यांचा असेल आणि वर्ग जूनमध्ये सुरू होणार असतील, तर तो कमी करून मिळेल का, हे प्रवेश निश्चित होताच विचारावे. प्रवेशपत्र हाती येण्यापूर्वी मात्र राजीनामा देऊ नये.