आकडा 1000 दाखवत होता, भट्टी तिथे नव्हती

सोलापुरात एमएस्सी करताना आमचे पातळ थर बीकरमध्ये नाहीतर स्प्रेच्या नोझलखाली तयार व्हायचे. काचपट्टी धुतली, द्रावण केलं की संध्याकाळपर्यंत सॅम्पल एक्सआरडीला, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासायला जायचं. त्याच सवयीने मी पुण्याला सीव्हीडीच्या, म्हणजे वायूंची रासायनिक क्रिया घडवून तापलेल्या वस्तूवर थर चढवण्याच्या प्रयोगशाळेत रुजू झालो आणि पहिल्या वर्षात दोनदा काम सोडून घरी यायचं ठरवलं. आता ओळखीतली मुलं या क्षेत्राबद्दल विचारायला येतात, म्हणून हे लिहितोय.

सीव्हीडीची तोंडओळख तुम्हाला असेलच. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर लागणारे कार्बाइडचे इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारे छोटे तुकडे, तुम्ही पाहिले असतील. टायटॅनियम कार्बाइडचा लेप दिलेले असे इन्सर्ट 1969 च्या सुमारास बाजारात आले. टायटॅनियम टेट्राक्लोराइडची वाफ, मिथेन आणि हायड्रोजन 1000 अंशांच्या आसपास एकत्र आले की तो लेप चढतो. माझं काम टँटलमचं होतं. हा धातू 3017 अंशांना वितळतो, त्याचं कार्बाइड तर 3700 च्या आसपासही तग धरतं. टँटलम पेंटाक्लोराइड तापवून त्याची वाफ करायची, हायड्रोजनबरोबर आत सोडायची आणि इंडक्शनने (भोवतीच्या कॉइलमधल्या विजेने) तापवलेल्या ग्रॅफाइटवर धातू बसवायचा. कागदावर एका ओळीची प्रक्रिया आहे.

माझे सहा महिने तापमानाने खाल्ले. पायरोमीटर, म्हणजे तापलेल्या वस्तूच्या प्रकाशावरून तापमान सांगणारं यंत्र, खिडकीतून ग्रॅफाइटकडे रोखलेला असायचा. त्याची एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभाग किती जोमाने प्रकाश फेकतो तो आकडा, 0.85 वर लावलेली. आकडा 1000 वर खिळलेला, रनभर, म्हणजे थर चढवायच्या अख्ख्या फेरीत, एका अंशाचाही फरक नाही. तरी थर कडेला गाठीगाठीचा, वायू येतो त्या बाजूला जाड आणि पलीकडे विरळ. मी प्रवाह बदलले, दाब बदलला, क्लोराइडची नवी बाटली मागवली. तापमानावर संशय घेतला नाही, कारण तो आकडा सगळ्यांत शहाण्यासारखा वागत होता.

चुलीवरचा काळा तवा आणि घासून लख्ख केलेलं पितळेचं पातेलं सारखंच तापलेलं असलं तरी पातेलं कमी उष्णता बाहेर फेकतं. ग्रॅफाइट हा तवा आणि टँटलम हे पातेलं. रनच्या सुरुवातीला पायरोमीटर ग्रॅफाइट बघत असतो आणि थर चढला की धातू बघायला लागतो. धातूची एमिसिव्हिटी 0.45 च्या आसपास, म्हणजे प्रकाश जवळपास निम्मा. पायरोमीटरला वाटतं तापमान उतरलं. कंट्रोलर आकडा परत 1000 वर आणतो, आणि तेवढ्यासाठी नमुना खरोखर जास्त तापवावा लागतो. 0.9 मायक्रॉन तरंगलांबीच्या प्रकाशावर चालणाऱ्या आमच्या पायरोमीटरला हा फरक सुमारे 70 अंशांचा पडत होता, आणि लांब तरंगलांबीचं यंत्र असतं तर याहून मोठा पडला असता. तेवढ्याने प्रक्रियेची सगळी चाल बदलते. पृष्ठभागावरची क्रिया इतकी वेगवान होते की थर किती चढेल हे वायू कुठे किती पोचतो यावर ठरायला लागतं. कडेला तो जास्त पोचतो, म्हणून तिथे गाठी.

वरिष्ठांना विचारलं तर उत्तर एकच : ‘सेटिंग बरोबर आहे, हात लावू नकोस.’ कारण न सांगता हात लावू नकोस म्हणणाऱ्याकडे जास्त दिवस शिकू नये, असं माझं ठाम मत आहे. चूक सापडली ती भट्टी सांभाळणाऱ्या काकांमुळे. त्यांनी वायरिंगच्या तारेचं प्लास्टिक सोलून तांब्याचा तुकडा काढला, ग्रॅफाइटच्या छोट्या वाटीत घालून लेप चढलेल्या नमुन्यावर ठेवला, आणि नुसत्या आर्गॉनमध्ये भट्टी सावकाश तापवली. तांबं 1085 अंशांना वितळतं. तार गोळा झाली तेव्हा पायरोमीटर 1015 दाखवत होता. मी खिडकीपाशी बराच वेळ उभा होतो.

मग ग्रॅफाइटला 2 मिलिमीटर रुंद, 12 मिलिमीटर खोल भोक पाडलं आणि पायरोमीटर त्यात रोखला. अशा खोल भोकातून येणारा प्रकाश पृष्ठभागावर फारसा अवलंबून नसतो. फक्त पायरोमीटरचा ठिपका भोकात मावला पाहिजे. दोन रंगांचा, म्हणजे दोन तरंगलांबींच्या प्रकाशाची तुलना करणारा पायरोमीटर घेतला की सुटलो, असं विक्रेते सांगतात. खिडकी धुरकटली तर त्याचा उपयोग होतो, पण धातूची एमिसिव्हिटी दोन्ही रंगांना सारखी नसते. तो घ्या, पण तांब्याची चाचणी सोडू नका.

बाकीचं थोडक्यात. प्रत्येक रनआधी भट्टीतली हवा काढून, मग पंप बंद करून दाब किती वेगाने चढतो ते बघा. गळती असेल तर रन घेऊच नका, कुणी कितीही घाई केली तरी. क्लोराइड ओलसर हवेत उघडलं की हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो. बाहेर जाणारा वायू धुणाऱ्या स्क्रबरमध्ये आम्ल मारणारं कॉस्टिक नसताना भट्टी चालवायला सांगितलं तर स्वच्छ नाही म्हणा, नोकरी पहिली असली तरी. भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्यासाठी बंद चक्राचा, म्हणजे तेच पाणी गार करून फिरवणारा चिलरच लावा. नळाची वाट बघायची सवय असलेल्या गावात हे वेगळं सांगायला नको. मध्येच पाणी थांबलं तर फ्लँजचे (जोडांचे) ओ-रिंग, म्हणजे वायू अडवणाऱ्या रबरी कड्या, जळतात, आणि आत तेव्हा हायड्रोजन असतो.

घाबरू नका मात्र. स्प्रेच्या कामात तापमान बदलून थराची जाडी मोजायची सवय तुम्हाला लागलेली आहे, तीच इथे हवी. चार तापमानांना चार रन घ्या, तापमानाच्या व्यस्तासमोर वाढीच्या वेगाचा लॉग मांडा. सरळ उतरती रेष जिथे वाकून आडवी व्हायला लागते, त्याच्या कमी तापमानाच्या बाजूला काम करा. मला हा आलेख सातव्या महिन्यात मिळाला. तुम्हाला तो पहिल्या महिन्यात काढता येईल, आधी तांब्याची तार वितळवून घेतलीत तर.