यकृत प्रत्यारोपणाचा शोधनिबंध कसा वाचावा

यकृत प्रत्यारोपणाविषयीचा शोधनिबंध हाती आला की नजर आधी जगण्याच्या टक्केवारीकडे जाते. घरातले कोणी प्रतीक्षायादीवर असेल, तर बाकीचे वाचण्याइतका धीरही उरत नाही. तरीही त्या आकड्याआधी ‘पद्धती’ हा भाग वाचावा, कारण कोणाला मोजले, केव्हापासून मोजले आणि कशाला यश म्हटले, हे तेथेच कळते.

सर्वप्रथम दाता कोण होता ते पाहावे. युरोप-अमेरिकेत बहुसंख्य प्रत्यारोपणे मृत दात्याच्या यकृताची होतात. भारतात मात्र बहुतेक वेळा जिवंत नातेवाइकाच्या यकृताचा भाग घेतला जातो. अशा भागातील पित्तनलिका बारीक आणि कधी एकाहून अधिक असतात, त्यामुळे जोडापाशी पित्त गळणे आणि पुढे ती जागा अरुंद होणे या गुंतागुंती अधिक आढळतात. शिवाय त्या भागाचे वजन रुग्णाच्या वजनाच्या ०.८ टक्क्यांहून कमी असेल, तर तो शरीराला अपुरा पडण्याचा धोका वाढतो. म्हणून पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या कुटुंबाला अमेरिकेच्या एकत्रित आकड्यांपेक्षा जपान, दक्षिण कोरिया, तुर्कस्तान आणि भारतातील जिवंत दात्यांवरचे अभ्यास अधिक उपयोगी पडतात.

त्यानंतर काळ पाहावा. अमेरिकी शल्यचिकित्सक थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये डेन्व्हर येथे पहिले मानवी यकृत प्रत्यारोपण केले, पण तो रुग्ण वाचला नाही. यश १९६७ मध्ये आले. त्यानंतरही बरीच वर्षे पहिले वर्ष पार करणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम एकतृतीयांश होते, आणि १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन या, शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाचा वापर रुळल्यावर ते सुमारे ७० टक्क्यांवर गेले. अलीकडे हिपॅटायटिस सी बरा करणाऱ्या गोळ्यांनीही असेच चित्र पालटले, कारण पूर्वी हा विषाणू नव्या यकृतातही हमखास परतत असे. तीस वर्षांचे रुग्ण एकत्र करून काढलेली सरासरी म्हणूनच आजच्या रुग्णाला लावू नये.

मोजणी प्रत्यारोपणाच्या दिवसापासून आहे की यादीत नाव लागल्यापासून, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रत्यारोपणापासून मोजले की वाट पाहताना दगावलेले किंवा आजार वाढल्याने यादीतून वगळलेले रुग्ण हिशेबात येतच नाहीत. यकृताच्या कर्करोगात हे विशेष जाणवते. १९९६ मध्ये मिलानच्या डॉक्टरांनी ५ सेंटिमीटरपर्यंतची एकच गाठ, किंवा प्रत्येकी ३ सेंटिमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी, अशी मर्यादा घालून ४८ रुग्णांचे निष्कर्ष मांडले; चार वर्षांनंतरचे जगण्याचे प्रमाण ७५ टक्के होते. ती काटेकोर निवडच त्या यशाचे कारण होती, त्यामुळे मर्यादेबाहेरच्या रुग्णाने तो आकडा आपला समजू नये.

रुग्णाचे जगणे आणि प्रत्यारोपित यकृताचे टिकणे हे दोन आकडे वेगवेगळे दिलेले असतात, कारण पहिले यकृत निकामी होऊन दुसऱ्यांदा प्रत्यारोपण झालेला रुग्ण जगलेल्यांत धरला जातो, पण त्याचे पहिले यकृत टिकलेल्यांत धरले जात नाही. जगण्याचे प्रमाण वर्षागणिक दाखवणाऱ्या आलेखाच्या खाली त्या त्या वर्षी किती रुग्ण पाहणीत उरले होते ती संख्या असते. पाचव्या वर्षी ती अगदी थोडी असेल, तर रेषेच्या त्या टोकावर विसंबू नये.

गुंतागुंतींचा तक्ता सावकाश वाचावा. गुंतागुंत किती गंभीर हे ठरवणारी, २००४ पासून प्रचलित असलेली क्लॅव्हियन-डिंडो श्रेणी वापरली आहे का, ते पाहावे. तिच्यात किरकोळ त्रास पहिल्या श्रेणीत आणि मृत्यू पाचव्या श्रेणीत येतो. ती नसेल, तर ‘३० टक्के गुंतागुंत’ यात जखमेचा साधा संसर्ग आणि यकृत धमनीत झालेली गुठळी सारखीच मोजली गेलेली असू शकते. प्रत्यक्षात दुसरी घटना फार गंभीर आहे, कारण पित्तनलिकांना रक्तपुरवठा मुख्यतः त्याच धमनीतून होतो आणि तो थांबला की नलिका नासतात. अनेकदा पुन्हा प्रत्यारोपण करावे लागते. अशी गुठळी सर्वांची ठरावीक दिवशी डॉप्लर सोनोग्राफी करून शोधली, की लक्षणे दिसल्यावरच, हेही पाहावे. नीट शोधणाऱ्या केंद्राचे आकडे वरवर पाहता वाईट दिसू शकतात, आणि हा अन्याय वाचकाने करू नये.

पाहणी किती काळ चालली यावरही बरेच ठरते. पित्तनलिका अरुंद होण्याची घटना अनेकदा काही महिन्यांनी उघड होते, त्यामुळे ९० दिवसांवर थांबलेला अभ्यास तिच्याविषयी फारसे सांगू शकत नाही. नवे यकृत शरीराने नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमससारख्या औषधांचे मूत्रपिंडांवरचे परिणाम तर वर्षांनी दिसतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या पाहणीत पाच वर्षांत यकृत मिळालेल्यांपैकी सुमारे १८ टक्के रुग्णांना दीर्घकालीन मूत्रपिंड विकार जडला होता.

नव्या तंत्राच्या चाचणीत मुख्य कसोटी कोणती होती, ते तपासावे. २०१८ मध्ये यकृत शरीराच्या तापमानाला यंत्रावर जिवंत ठेवण्याच्या चाचणीत यकृताची इजा ५० टक्क्यांनी कमी आढळली. पण ती इजा रक्तातील एन्झाइमवरून मोजलेली होती आणि रुग्णांच्या जगण्यात लक्षणीय फरक नव्हता. याउलट २०२१ च्या, थंड प्राणवायूयुक्त द्रव वापरणाऱ्या चाचणीत, हृदयक्रिया थांबून मृत झालेल्या दात्यांच्या यकृतांत, सहा महिन्यांत पित्तनलिका अरुंद होण्याचे प्रमाण १८ वरून ६ टक्क्यांवर आले. दुसरा निष्कर्ष रुग्ण स्वतः सोसतो त्या त्रासाविषयी असल्याने त्याला अधिक वजन द्यावे.

दाता घरातलाच असेल, तर त्याच्याविषयीचे आकडे स्वतंत्र शोधावेत, कारण ती शस्त्रक्रिया निरोगी माणसावर होते. अमेरिकेतील अनेक केंद्रांच्या एका अभ्यासात सुमारे ४० टक्के दात्यांना कोणती ना कोणती गुंतागुंत झाली होती. बहुतेक सौम्य होत्या, पण मृत्यूचा धोका कोठेही शून्य नाही. डॉक्टरांना भेटताना निबंध सोबत न्यावा आणि त्यांच्या केंद्राचे अलीकडच्या पाच वर्षांचे आकडे विचारावेत: जिवंत दात्यांची प्रत्यारोपणे किती झाली, पित्तनलिकेचा त्रास किती जणांना झाला, पाहणीतून किती रुग्ण निसटले, आणि दात्यांपैकी किती जणांना पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागले.