एअर रायफलचे वाकडे छर्रे काचेवर वेचा

डब्यातले छर्रे एकमेकांवर आपटून त्यांच्या मागच्या घेराला पोचे पडतात. मग नेम बरोबर असूनही एखादी गोळी उगाच दहाऐवजी आठच्या वर्तुळात जाते.

जुन्या फोटोफ्रेमची काच घ्या. एक कड दोन-अडीच सेंटीमीटर उचला, खाली पांढरा कागद. छर्रा आडवा ठेवून दरवेळी एकाच खुणेवरून सोडा, ढकलू नका. डोकं आणि घेर यांच्या मापात फरक असल्याने तो सरळ न जाता वळत जातो, ते ठीकच. बहुतेक जिथे उतरतील तिथे पेन्सिलीची रेघ मारा. लांब भरकटणारे वेगळ्या मापाचे, डगमगणारे पोचे पडलेले. दोन्ही सरावाच्या डबीत.

वजनाची हौस असेल तर सोनाराचा मिलिग्रॅमचा काटा लागतो. इंदूरच्या सराफ्यात विचारा. 4.5 मिलिमीटरचा मॅच (स्पर्धेचा) छर्रा साधारण 0.53 ग्रॅमचा. पण आधी काच, काटा नंतर.

पावसाळ्यात पांढरी भुकटी धरलेले छर्रे फुंकून साफ करू नका, टाकून द्या. ते शिसं आहे. पोहे-जिलबीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा.