परदेशात ऑडिओ उपकरणे जोडण्यापूर्वी

ॲम्प्लिफायर किंवा रेकॉर्ड प्लेयर परदेशी नेताना बहुतेकांना प्लग बसेल की नाही एवढीच चिंता असते. परंतु प्लगचा ॲडॉप्टर केवळ पिनांचा आकार जुळवतो. व्होल्टेज जसे येते तसेच तो आत सोडतो. म्हणून उपकरण खोक्यात भरण्यापूर्वी त्याच्या मागची पट्टी वाचावी. तिच्यावर ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे छापलेले असेल, तर योग्य प्लगखेरीज काहीही लागत नाही. ज्या स्पीकरना स्वतःची वीजजोडणी नसते, ते कुठेही चालतात.

पट्टीवर एकच आकडा असल्यास व्होल्टेज आणि वारंवारता (विजेची आवर्तने सेकंदाला किती, हे हर्ट्झमध्ये मोजतात) असे दोन प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात. युरोपात २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ, अमेरिकेत १२० व्होल्ट व ६० हर्ट्झ वीज मिळते. दक्षिण कोरियात २२० व्होल्ट असूनही वारंवारता ६० हर्ट्झ आहे, तर जपानमध्ये सर्वत्र १०० व्होल्ट असले तरी पूर्वेकडे ५० आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्झ आहेत.

व्होल्टेजचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. काही ॲम्प्लिफायरना मागे व्होल्टेज निवडण्याचे बटण असते. ते प्लग काढूनच फिरवावे आणि उत्पादकाने सांगितला असल्यास फ्यूजही बदलावा, कारण व्होल्टेज निम्मे झाले की तेवढ्याच शक्तीसाठी दुप्पट विद्युतप्रवाह लागतो. बटण नसेल तर सतत वापरासाठी बनवलेला, उपकरणाच्या कमाल वीजवापराच्या किमान दीडपट क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा आणि अर्थिंगची तार कुठेही तुटू देऊ नये. केस वाळवण्याच्या यंत्रासाठी मिळणारे हलके प्रवासी कन्व्हर्टर विजेची लहर बिघडवतात, त्यामुळे ते ऑडिओसाठी कधीही वापरू नयेत.

वारंवारता मात्र कोणताही ट्रान्सफॉर्मर बदलू शकत नाही, आणि खरी अडचण इथेच येते. ज्या रेकॉर्ड प्लेयरची एसी सिंक्रोनस मोटर विजेच्या वारंवारतेवर वेग धरते, तो ६० हर्ट्झसाठी बनलेला असून ५० हर्ट्झवर लावला, तर मिनिटाला ३३.३ ऐवजी सुमारे २७.८ फेरे घेतो आणि गाण्याची पट्टी जवळजवळ तीन अर्धस्वरांनी खाली येते. उलट दिशेने नेल्यास फेरे ४० होतात. व्होल्टेज अचूक असल्याने यंत्र सुरळीत फिरत राहते, म्हणून दोष सुईचा किंवा पट्ट्याचा वाटून माणूस भलतीकडेच शोधत बसतो. उपाय दोन आहेत: त्या वारंवारतेसाठी मिळणारी वेगळ्या व्यासाची पुली (मोटरवरची, पट्टा फिरवणारी चाकी) बसवणे, किंवा स्वतःची स्थिर वारंवारता निर्माण करणारा वीजपुरवठा घेणे. डीसी मोटरच्या किंवा क्वार्ट्झ नियंत्रणाच्या यंत्रांच्या वेगावर याचा परिणाम होत नाही. आवडता रेकॉर्ड प्लेयर असेल तर ही खटपट जरूर करावी, असे माझे मत आहे.

ॲम्प्लिफायर केवळ ६० हर्ट्झसाठी असेल, तर ५० हर्ट्झवर त्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर सुमारे २० टक्के अधिक चुंबकीय भार येतो. पहिला तासभर जवळ बसून लक्ष द्यावे; तो गुणगुणू लागला किंवा नेहमीपेक्षा जास्त तापला, तर लगेच बंद करून तिथल्या विजेसाठी बनलेला ॲम्प्लिफायर घ्यावा.