ऑफिसने परत बोलावलंय? आधी घरात हे करा

आमच्या बडोद्याच्या घरात तीन पिढ्या आणि तीन तऱ्हेच्या नोकऱ्या. सासरे, म्हणजे अप्पा, कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झाले. मी बँकेत. लेक पुण्यातल्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम दांडिया बाजारच्या घरात माडीवर बसून करते. आता कंपनीने कळवलंय, आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात या. ओळखीतल्या बऱ्याच घरांत असे मेल आलेत आणि त्यापायी आजोबा-नातवंडांत अबोला धरलेला मी पाहिलाय. तो टाळता येतो.

सगळ्यात आधी दोन वाक्यांना घरात बंदी घाला: "घरी बसून कसली आलीय नोकरी?" आणि "तुम्हाला नाही कळायचं." त्याऐवजी प्रत्येकाला विचारा, कामाच्या जागेने तुम्हाला काय दिलं? अप्पांचं उत्तर ऐकण्यासारखं होतं. पुढच्या पाळीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडायची नाही, लॉगबुक त्याच्या हाती द्यायचं, आणि एकदा दिलं की बसमध्ये बसेपर्यंत प्लांट डोक्यातून गेला पाहिजे. रिफायनरीचं काम व्हॉल्व्हपाशी असतं, ते घरी येऊच शकत नाही. अशा माणसाला रात्री दहाला नातीचा लॅपटॉप उघडा दिसला की काळजी वाटते. ती रागाच्या सुरात बाहेर पडते, एवढंच.

मग काम दाखवा. समजावत बसू नका, शेजारी खुर्ची टाका. एका दुपारी अप्पा लेकीशेजारी बसले होते. कुठल्याशा ग्राहकाची सिस्टीम अडकली होती, स्क्रीनवर वेगवेगळ्या गावांतली माणसं बोलत होती, आणि लेक प्रत्येक बदलानंतर वेळ घालून एक ओळ लिहीत होती. "हे कशाला?" अप्पांनी विचारलं. "रात्री जो बसेल त्याला कळायला नको का, आजोबा?" अप्पा चष्मा लावून वाचत राहिले, मग म्हणाले, "दोन पस्तीसची नोंद राहिली तुझी." खरंच राहिली होती. त्यानंतर भर दुपारी सिलिंडर घ्यायला, कुरियर घ्यायला माडीवर हाक मारणं त्यांनी आपणहून बंद केलं. मुलांनीही बदल्यात एक करावं: रात्रीच्या जेवणाआधी लॅपटॉप मिटावा.

हिशेब कागदावर मांडा. पुण्यातलं भाडं, डिपॉझिट, डबा, बडोद्याच्या फेऱ्या. नवी करप्रणाली घेतली असेल तर घरभाडे भत्त्यावर सूट मिळत नाही, हे पुष्कळांच्या हिशेबातून सुटतं. दुसऱ्या बाजूला शिकणं लिहा. नोकरीची पहिली एक-दोन वर्षं असतील तर माझं मत स्पष्ट आहे: जावं. चिडलेल्या ग्राहकाला सीनियर कसे शांत करतात, हे मी काउंटरमागे उभी राहून शिकले. व्हिडिओ कॉलवर ते दिसत नाही. मुरलेल्या माणसालाही हाच नियम लावणं मात्र मला पटत नाही.

आता कंपनीशी बोलणं. विनवणी करू नका, नेमकं विचारा. तीन दिवस म्हणजे कोणते? त्या दिवशी माझी टीमही तिथेच असेल का? नाही तर पुण्यात खोली घेऊन परत कॉलवरच बसायचं, त्याला काय अर्थ? तीन दिवस सलग मिळतील का? नेमणूकपत्रात कामाचं ठिकाण कोणतं लिहिलंय, तेही काढून बघा. पाचही दिवस बोलावलं असेल आणि मॅनेजर ऐकणारा असेल तर २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलेला अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम यांचा अभ्यास पुढे ठेवा. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास-बुकिंगच्या कंपनीच्या सोळाशेहून अधिक कर्मचाऱ्यांवर तो झाला. ज्यांना आठवड्यात दोन दिवस घरून काम करू दिलं, त्यांच्यात राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि कामगिरीत फरक पडला नाही. पण तो दोनच दिवसांचा दाखला आहे, पूर्णवेळ घरून कामासाठी वापरू नका.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने बडोद्यात काय झालं, हे बाहेरगावच्या मॅनेजरलाही माहीत असू शकतं. म्हणून वीज किंवा नेट गेलं तर काम कुठून कराल, हे घरून कामाच्या अर्जातच लिहून द्या.

तोंडी शब्दावर मात्र विसंबू नका. टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत फक्त पाव कर्मचाऱ्यांनाच ऑफिसात यावं लागेल, आणि ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस बोलावलं. एवढ्या मोठ्या कंपनीचं धोरण तीन वर्षांत फिरतं, तर तुमच्या टीम लीडने फोनवर दिलेल्या "बघू, करू काहीतरी" या शब्दाची काय खात्री? जे ठरेल ते मेलवर मागा, आणि ते येईपर्यंत पुण्यातल्या खोलीचं डिपॉझिट भरू नका.