फ्यूजन बेली डान्स शिकताय? आधी पाय गप्प करा

कथक किंवा लावणी करून आलेल्यांचा ताल पक्का असतो, पण पहिल्या महिन्यात अडतं तेही त्यांचंच. वर्षानुवर्षं तत्कार केलेला पाय जमिनीवर वाजल्याशिवाय राहत नाही. टाच आपटली की धक्का गुडघ्यातून वर जातो आणि कंबर त्या धक्क्यानेच हलते. इथे पाऊल मांजरासारखं टाकायचं. ताल कंबर दाखवते.

उभं राहण्यापासून सुरुवात. पावलं समांतर, खुब्यांच्या खाली. गुडघे किंचित सैल, माकडहाड जमिनीकडे सोडलेलं, बरगड्या वर उचललेल्या. छाती पुढे काढून उभं राहायची सवय असेल तर कमरेचे मणके मागून दाबले जातात आणि थोड्याच वेळात पाठ भरून येते. आरशात समोरून हे दिसत नाही, म्हणून बाजूने व्हिडिओ काढा.

'फ्यूजन' म्हणजे वाटेल ते एकत्र करणं, असा एक समज आहे. आजच्या बऱ्याचशा फ्यूजनची वंशावळ मात्र सरळ सांगता येते. जमिला सालिमपूर यांनी १९६८ साली कॅलिफोर्नियात 'बाल अनात' हा संच उभा केला. पुढे १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कॅरोलिना नेरिचिओ यांनी 'फॅटचान्स बेलीडान्स' काढला. त्यांची अमेरिकन ट्रायबल स्टाइल २०२० पासून 'एफसीबीडी स्टाइल' (संचाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) म्हणून ओळखली जाते, कारण 'ट्रायबल' हा शब्द अनेकांना खटकू लागला होता. चोळी, आरसेकाम, घेरदार घागरा हे सगळं त्या पोशाखात भारतातून गेलं. घागऱ्याचा घेर २५ वारांपर्यंत जातो. नऊवारी सांभाळणाऱ्यांनाही तो पहिल्या गिरकीला पायात येतो. तेव्हा आधी रक्स शर्की (इजिप्शियन पद्धतीचा बेली डान्स) किंवा एफसीबीडी यांपैकी एकाचा पाया पक्का करा, मिसळायचं ते नंतर.

आता शिमी, म्हणजे कमरेची थरथर. साध्या शिमीत गुडघे आळीपाळीने वाकतात आणि कंबर आपोआप थरथरते. खरी परीक्षा थ्री-क्वार्टर शिमीची. मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने ठोके देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग मोजा. उजवं पाऊल टाकताना कंबर उजवी-डावी-उजवी, चौथा भाग रिकामा. पुढच्या ठोक्याला डावं पाऊल, डावी-उजवी-डावी, पुन्हा रिकामा. हालचाल नितंबाचा स्नायू आवळून येते. चुकतं ते नेमकं त्या रिकाम्या जागी: घाईत ती भरली जाते आणि पाऊल ठोक्याच्या आधी पडतं. ६० वर दोन मिनिटं न चुकता झालं की मगच ६५.

बेली रोल, म्हणजे पोटावरून फिरणारी लाट, आडवं पडून शिका. गुडघे दुमडा, पोटावर पातळ वही ठेवा. बरगड्यांखालचा भाग आत, बेंबीखालचा आत, मग वरचा बाहेर, खालचा बाहेर. श्वास चालूच राहिला पाहिजे. श्वास कोंडला की पोट ताठ होतं आणि लाटेऐवजी नुसता झटका दिसतो. जेवून दोन तास तरी झालेले असावेत, हे वेगळं सांगायला नको.

झिल्स म्हणजे बोटांत घालायच्या छोट्या झांजा, एकूण चार. वारकऱ्यांच्या टाळाला दोन हात लागतात. इथे प्रत्येक हाताच्या अंगठ्यात एक आणि मधल्या बोटात एक. इलॅस्टिक नखाच्या मुळाशी घट्ट बसवा. सैल असेल तर घामाने झिल फिरते आणि नाद बसका येतो. पहिला बोल उजवा-डावा-उजवा आणि विश्रांती, म्हणजे शिमीचीच मोजणी. आधी बसून वाजवा, मग चालत, शेवटी शिमीसोबत. अरबी ठेक्यांत मकसूम आधी घ्या: दुम तेक – तेक दुम – तेक – (दुम हा खर्जाचा ठोका, तेक हा टिपेचा, रेघ म्हणजे रिकामी मात्रा). मात्रा आठच, पण केरव्याच्या वजनाने मोजलात तर दुसरा दुम हातातून निसटतो.

एफसीबीडीत दोन ते चार जणी आयत्या वेळी, इशाऱ्यांवर नाचतात. सगळ्या डावीकडे तिरक्या उभ्या, पुढारी डाव्या कोपऱ्यात पुढे, म्हणजे तिचा उजवा हात आणि उजवी कंबर मागच्यांना दिसते. बहुतेक हालचाली उजवीकडून सुरू होतात त्याही म्हणूनच. इशारा ठोक्याच्या आधी द्यायचा. ठोक्यावर दिला तर मागच्या एक मात्रा उशिराच पोचतात, आणि प्रेक्षकांना चूक त्यांची वाटते.

पहिल्या प्रयोगाला तीन-चार मिनिटं पुरेत. नाण्यांचा पट्टा पिनांवर सोडू नका, हुक शिवून घ्या आणि वरून पिन लावा. झालर असलेल्या कपड्यावर कड्यांचे दागिने नकोत, हात वर नेला की अडकतात. अनवाणी नाचायचं असल्याने रंगमंचावर खिळे आणि लाकडाच्या कुसळी हात फिरवून तपासा. गाणं पेन ड्राइव्हवरही ठेवा आणि फोनवरही. विंगेत थांबताना झिल्स मुठीत मिटून धरा. जवळपास माइक असेल तर एवढीशी किणकिणही सभागृहभर ऐकू जाते.