तंबोऱ्याच्या तारा घरी कशा बदलायच्या, आणि जवारीला हात कधी लावायचा नाही

कोपऱ्यात गवसणी घालून उभा केलेला तंबोरा बऱ्याच घरांत असतो. आजी किंवा आत्या गाणं शिकायची तेव्हाचा, मग मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप आलं आणि हा तसाच राहिला. विचारलं की "खराब झालाय, वाजत नाही". ओळखीतल्यांचे असे सात-आठ तंबोरे मी उघडून बघितलेत, त्यातले दोन सोडले तर बाकीच्यांना फक्त नव्या तारा, नवा दोरा आणि खुंट्यांना थोडा खडू एवढंच हवं होतं. हे काम एका दुपारी घरी होतं.

आधी तारा आणा. दुकानात नुसतं "तंबोऱ्याचा सेट द्या" म्हणू नका, स्वर सांगा. पुरुषांचा तंबोरा साधारण काळी एक-पांढरी दोनच्या (या हार्मोनियमच्या पट्ट्या) आसपास लागतो, बायकांचा पांढरी पाच ते काळी पाच, आणि त्याप्रमाणे तारेची जाडी बदलते. चुकीच्या जाडीची तार एकतर ढिली लोंबते नाहीतर चढवताना तुटते. मधल्या जोडाच्या दोन तारा पोलादी, खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, जाड पितळी, आणि पंचमाची पुरुषी तंबोऱ्यात बहुधा पितळी तर बायकांच्यात पोलादी. सोबत कटर, पांढरा सुती दोरा, पाटीवरचा साधा खडू आणि मऊ कोरडं कापड घ्या.

तंबोरा आडवा ठेवा, भोपळ्याखाली जुन्या साडीची किंवा टॉवेलची चुंबळ करा म्हणजे तो घरंगळणार नाही. मोबाईलवर खुंट्यांचे आणि घोडीचे (तारा जिच्यावर टेकतात ती रुंद पट्टी) जवळून फोटो काढून ठेवा. आता सगळ्यात महत्त्वाचं, चारही तारा एकदम काढू नका. बऱ्याच तंबोऱ्यांत घोडी तारांच्या दाबावरच जागेवर बसलेली असते, दाब गेला की ती सरकते आणि मग मूळ जागा शोधताना जीव जातो. एक काढा, एक लावा, मगच पुढची.

जुनी तार खुंटीवरून पूर्ण ढिली करून काढा, ताणलेल्या तारेवर कटर चालवू नका, डोळ्याला लागू शकतं. मणी निघेल तो वाटीत ठेवा. नव्या तारेच्या टोकाला छोटा फासा करून चार-पाच पीळ घट्ट द्या, फासा खाली भोपळ्याच्या टोकाला तारा अडकवतात तिथे अडकवा, तारेत मणी ओवा, मग घोडीवरून वर न्या, दांडीवरच्या अटीवरून (तारा टेकतात ती पट्टी), पुढच्या तारगहनच्या (भोकं असलेली पट्टी) भोकातून खुंटीपर्यंत. खुंटीच्या भोकात टोक घालून तीन-चार वेढे पुरे होतात, जास्त झाले की स्वर टिकत नाही. पिळताना खुंटी आत दाबत दाबत फिरवा, ती निमुळती असते आणि नुसत्या घर्षणावर थांबते.

खुंटी सटकत असेल तर बाहेर काढून जिथे लाकडाला लाकूड घासतं तिथे खडू फिरवा. पावसाळ्यात उलटं होतं, लाकूड फुगतं आणि खुंटी अडकून बसते, तेव्हा कोरडा साबण अगदी हलका चोळायचा. पक्कडीने पिळू नका, खुंटीचं डोकं तुटलं की नवी बनवून घ्यावी लागते. तेल तर अजिबात नको.

स्वर लावताना मणी घोडीच्या बाजूला ठेवून आधी खुंटीने थोडा खालीच आणा, मग मणी खाली ओढा, तसा स्वर चढतो. नव्या तारा दोन-तीन दिवस उतरत राहतात, त्यात काळजीचं काही नाही.

आता दोरा. इथे घाई करू नका, तंबोऱ्याचा सगळा जीव इथे आहे. घोडीचा माथा सपाट दिसतो पण त्याला अगदी बारीक उतार असतो, कंप पावणारी तार त्या उताराला पुन्हा पुन्हा टेकते आणि त्यातून ती भरलेली, गुंजणारी आस निघते, तीच जवारी. घोडीवर तारेखाली दोरा घाला, दुसऱ्या हाताने तार छेडत राहा आणि दोरा केसभर पुढे, केसभर मागे सरकवा. बराच वेळ आवाज चपटाच येतो आणि मग एका जागी तो एकदम उघडतो, पंख्याखाली बसलात तर ऐकू येणार नाही, म्हणून पंखा बंद करा. चारही तारांची जागा वेगळी असते. पातळ तारेला बारीक दोरा लागतो, दोन-तीन प्रकार करून बघा.

दोरा कुठेही नेला तरी आवाज उघडत नसेल तर घोडीवर तिरका टॉर्च मारा. तारांनी पाडलेल्या रेषा दिसल्या तर तिथेच थांबा. हे काम कानशीने माथा पुन्हा घडवायचं आहे आणि ते जन्मभर तेच करणाऱ्या हातांचंच आहे. पॉलिश पेपर घासून घोडी वाया घालवलेली मी पाहिली आहे, वाईट वाटतं. मिरजेत हे काम शिकलगार घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, मूळचे हत्यारांना धार लावणारे लोक, एकोणिसाव्या शतकात संस्थानच्या आश्रयाने वाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. जमलं तर तिथेच न्या.

भोपळा तडकला असेल तरी फेकू नका. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, वाळवून पक्के केलेले, आणि तुकडे जपले तर पुन्हा जोडता येतात. आमचा डिकीत तडकला तेव्हा घरच्यांनी प्रेमाने इन्स्टंट ग्लू लावला, कारागिराचे पहिले दोन दिवस तो खरवडण्यातच गेले. तुकडे कागदात गुंडाळून तसेच न्या, बारीक कपचासुद्धा.

पुसायला फक्त कोरडं कापड. जुनं पॉलिश लाखेचं असतं, स्पिरिट किंवा सॅनिटायझर लागला की ते विरघळून डाग पडतो. उन्हात बंद गाडीत ठेवू नका, सांधे सुटतात. प्रवासाला निघताना तारा दोन-तीन स्वर उतरवा, घोडीजवळ तारांखाली मऊ कापड सरकवा, मणी तारेला चिकटपट्टीने धरून ठेवा, आणि गवसणीत एक जादा जोडाची तार, दोऱ्याचं रीळ आणि खडूचा तुकडा टाका.